बाळंत्याची खूण : जुन्या कपड्यांतून नाताळची सजावट

(आगमनकाळासाठी अभ्यास-लेख. घरी वाचण्यासाठी उतारे : लूक २:१-१४, लूक ३:१०-११, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२)



काही वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी मिस्सानंतर मोठ्या उत्साहाने घोषणा केली : "घरातले जुने कपडे आणा. नाताळापूर्वी आपण ते पूर्वेकडच्या पाड्यांवर वाटू." लोकांनी भरभरून प्रतिसाद दिला. आठ दिवसांत सभागृहाचा एक कोपरा गोण्यांनी भरला. मला फार समाधान वाटले. गोण्यांत काय आहे ते मात्र मी उघडून पाहिले नाही.

युवक मंडळाच्या मुलांनी टेम्पो भरला आणि आम्ही पाड्यावर गेलो. पहिलीच गोणी सोडली. एका आजींनी वरची साडी उचलून उलगडली. निऱ्यांपाशी फाटलेली, पदराला तेलाचे डाग आणि घडीला कुबट वास. त्या रागावल्या नाहीत. साडीची पुन्हा नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि विचारले, "फादर, ही तुम्ही तुमच्या आईला नेसायला द्याल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. माझी आई तेव्हा हयात होती. निम्म्याहून अधिक गोण्या आम्ही परत आणल्या. येताना टेम्पोत कोणी बोलले नाही.

त्या गोण्या वर्षभर पडून राहिल्या. पुढच्या आगमनकाळात महिला मंडळाच्या एका ज्येष्ठ बाईंनी त्या उघडल्या, कपडे चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, "फादर, हे द्यायच्या लायकीचं नव्हतं, पण टाकायच्या लायकीचंही नाही. मला एक कात्री द्या." त्या वर्षी आमच्या चर्चचा नाताळगोठा, तारे, तोरणे, मेंढरे सगळे त्या परत आलेल्या कपड्यांतून झाले. बाजारातून आम्ही फक्त सुतळी आणि दोऱ्याची रिळे आणली.

त्या वर्षी मी जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवावे म्हणून हा लेख. यात हातांनी करण्याचे थोडे आहे आणि मनाने करण्याचे थोडे आहे. दोन्ही एकत्र केले तरच उपयोग.

देवदूताने कोणती खूण सांगितली?

नाताळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तारा येतो. प्रत्येक घरावर आपण तारा टांगतो आणि ते योग्यच आहे. पण तारा ही ज्ञानी पुरुषांना मिळालेली खूण होती. ती गोष्ट संत मत्तय सांगतो. त्या रात्री रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना वेगळी खूण मिळाली. संत लूकच्या दुसऱ्या अध्यायातील १२ वे वचन पाहा. देवदूत त्यांना सांगतो की तुम्हाला एक बाळ सापडेल, ते बाळंत्यात गुंडाळलेले असेल आणि गव्हाणीत निजलेले असेल.

म्हणजे खूण कोणती? एक कापड आणि एक गुरांचे भांडे! आकाश देवदूतांच्या प्रकाशाने भरलेले असताना देवाने खूण म्हणून निवडले ते घराघरातले कापडाचे बाळंते. मेंढपाळांना ते लगेच ओळखू आले, कारण त्यांच्याही घरी तेच होते.

जुन्या करारात शलमोनाच्या ज्ञानग्रंथाच्या सातव्या अध्यायात राजा सांगतो की मीही इतरांसारखाच जन्मलो, मलाही बाळंत्यात गुंडाळून काळजीने वाढवले, कोणत्याही राजाचा जन्म वेगळा होत नाही. यहेज्केल संदेष्टा यरुशलेम नगरीला टाकून दिलेल्या मुलीची उपमा देतो, तेव्हा तिला कोणी बाळंत्यात गुंडाळले नाही असे तो सांगतो (यहेज्केल १६:४). ज्याला गुंडाळणारे कोणी आहे ते बाळ कोणाचे तरी आहे. मरियेने बाळाला गुंडाळले, तेव्हा परमेश्वराचा पुत्र आपल्यातला एक झाला.

आता आपल्या घरांकडे पाहा. आपल्याकडे बाळ जन्माला आले की त्याला नवे कोरे कापड कोणी लावत नाही. नवे कापड खरखरीत असते, कोवळ्या कातडीला टोचते. आजीचे जुने सुती लुगडे काढतात. शेकडो वेळा धुऊन ते सायीसारखे मऊ झालेले असते. त्याची बाळंती होतात, दुपटी होतात. आपल्यापैकी कितीतरी जण जगात आलो आणि पहिल्यांदा गुंडाळले गेलो ते आजीच्या लुगड्यात! मरियेचे कापड नवे होते की जुने, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण जुने कापड प्रेमाने हाती घेतले की आपण त्या रात्रीच्या किती जवळ जातो, हे आपल्या आया-आज्यांना सांगावे लागत नाही.

आणि शेवटही लक्षात ठेवा. गव्हाणीत कापडाने गुंडाळलेल्या त्याच देहाला अरिमथाईकर योसेफाने क्रुसावरून काढून पुन्हा तागाच्या कापडात गुंडाळले (लूक २३:५३). मधल्या काळात शिपायांनी त्याचे कपडे वाटून घेतले होते. प्रभूपाशी स्वतःचे म्हणावे असे वस्त्रही उरले नव्हते.

तीन ढीग

म्हणून कात्री हाती घेण्यापूर्वी कपाट उघडा आणि कपड्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग देण्याचा. धड, स्वच्छ, अंगावर घालता येईल असे कपडे. याला कात्री लावू नका! योहान बाप्तिस्ताकडे लोक आले आणि "आम्ही काय करावे?" असे विचारू लागले, तेव्हा त्याने पहिले उत्तर कपड्यांविषयी दिले : दोन अंगरखे असणाऱ्याने ज्याच्याकडे एकही नाही त्याला एक द्यावा. हे वाचन 'क' वर्षात आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी आपण ऐकतो. ज्याने कोणाची तरी थंडी निघेल ते कापून झाडाला टांगणे ही सजावट नव्हे, ती उधळपट्टी आहे.

दुसरा ढीग दुरुस्तीचा. बटण तुटलेला शर्ट, उसवलेली शिवण, सुटलेला फॉल. अर्ध्या तासाचे काम असते. ते करा आणि तो कपडा पहिल्या ढिगात ठेवा. कपडा धुऊन, इस्त्री करून, घडी घालून द्यावा.

तिसरा ढीग कापण्याचा. विरलेले, डागाळलेले, फाटलेले. यातून आपली सजावट होईल.

कोणता कपडा कोणत्या ढिगात घालावा हे कळेना, तर पाड्यावरच्या त्या आजींचा प्रश्न स्वतःला विचारा : "हे मी माझ्या आईला देईन का?" मी इतक्या वर्षांत बरीच पुस्तके वाचली, पण दानधर्माची इतकी नेमकी कसोटी मला दुसरीकडे सापडली नाही. जे आपल्याला नको झाले ते गरिबाच्या गळ्यात घालून आपण मोकळे होतो आणि त्याला पुण्य म्हणतो. असे दान घेणाऱ्याचा मान घेऊन जाते.

एका ताऱ्याची चार कारणे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलची चार कारणे पाठ करावी लागत. आमचे प्राध्यापक पुतळ्याचे उदाहरण देत. मला ती खरी कळली त्या वर्षी सभागृहातल्या सतरंजीवर बसून.

कापडाच्या ताऱ्याकडे पाहा. तो कशाचा बनला? आजीच्या लुगड्याचा. हे द्रव्यकारण. त्याला कोणते रूप आले? ताऱ्याचे. हे आकारकारण. तो कोणी केला? नातीच्या हातांनी. हे निमित्तकारण. आणि तो कशासाठी केला? हे अंतिम कारण, म्हणजे प्रयोजन. अॅरिस्टॉटलच्या मते, आणि पुढे संत थॉमस अक्वायनसच्या मते, हे शेवटचे कारण बाकी तिघांना दिशा देते.

बाजारातल्या ताऱ्यालाही ही चार कारणे असतात. पण तो कशाचा, कोणी केला, हे आपल्याला ठाऊक नसते; आणि कशासाठी, तर विकण्यासाठी. घरच्या ताऱ्याची चारही कारणे आपल्याला नावानिशी ठाऊक असतात. फरक तिथे आहे. तो देखणेपणाचा नाही. खरे सांगायचे तर बाजारातला तारा बहुधा अधिक देखणा असतो!

मात्र शेवटच्या कारणापाशी सावध राहा. आपण जर शेजाऱ्यापेक्षा सरस दिसण्यासाठी किंवा स्पर्धेत बक्षीस मिळवण्यासाठी करू लागलो, तर कापड जुने असूनही प्रयोजन बाजाराचेच झाले.

बाजाराची सजावट ही तशी अलीकडची गोष्ट आहे. स्ट्रासबर्ग शहरातील १६०५ सालच्या एका नोंदीत नाताळच्या झाडाला कागदी गुलाब, सफरचंदे अशा घरच्या वस्तू लावल्याचे सांगितले आहे. काचेचे गोळे जर्मनीतील लाउशा या काच-कारागिरांच्या गावातून एकोणिसाव्या शतकात पसरले. आपल्याकडे तर पुढे थर्माकोल आला. महाराष्ट्रात २०१८ साली त्याच्या सजावटीवर बंदी आली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात (क्रमांक २११) शिकवले की एखादी वस्तू लगेच फेकून न देता योग्य हेतूने पुन्हा वापरणे ही प्रेमाची कृती होऊ शकते. एका सुती टी-शर्टमागे कापसापासून सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते असा अंदाज आहे. इतके पाणी प्यालेले कापड आपण एका हंगामात कचऱ्यात टाकतो.

आधी कापड ओळखा

आता प्रत्यक्ष काम. पुढच्या सूचना महिला मंडळाच्या त्याच बाईंच्या आहेत. मी फक्त लिहून घेतल्या.

जुनी सुती साडी किंवा लुगडे मऊ असते, पण कडा सुटतात. म्हणून त्याला खळ द्यावी. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवून पेज गाळून घ्या. थंड झाली की धुतलेले कापड तिच्यात बुडवा, पिळा, ताणून सपाट वाळत घाला आणि किंचित ओलसर असताना इस्त्री करा. कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते, छान कापले जाते.

जीन्सचे कापड जाड असते; तारे, घंटा यांना उत्तम. टी-शर्ट आणि बनियन यांचे कापड विणलेले असते, त्याच्या कडांचे दोरे निघत नाहीत. तोरणे आणि मेंढरे यांना तेच घ्या. साडीचे जरीकाठ उसवून वेगळे ठेवा, ते देवदूतांचे पंख होतील. शर्टांची बटणे आधी काढून डबीत भरा. सिंथेटिक साडी इस्त्रीला चिकटते आणि ज्योतीजवळ पटकन पेट घेऊन वितळते. कोणतेही कापड मेणबत्तीजवळ किंवा तापणाऱ्या दिव्यापाशी टांगू नका. सिंथेटिक तर नाहीच.

रंग जातो का ते पाहा. ओल्या पांढऱ्या चिंधीने घासा. रंग उतरला तर ते कापड वेगळे धुवा, पांढऱ्याशेजारी शिवू नका.

आणि जुन्यासोबत नवे कापड जोडायचे असेल तर ते आधी धुऊन वाळवा. नवे कापड पाण्यात आटते आणि जुन्याला ओढून फाडते. हे प्रभू येशूनेच सांगितले आहे (मार्क २:२१). हा दाखला देणाऱ्याने ठिगळ लावताना कोणाला तरी पाहिले असणार! नासरेथच्या घरात सुई-दोरा घेऊन बसलेली मरिया मला त्या वचनात नेहमी दिसते.

चार वस्तू करून पाहू

१) तारा. पुठ्ठ्यावर ४ इंच बाजूचा समभुज त्रिकोण काढून कापा. तो एकदा सुलट आणि एकदा उलट, असा मधोमध एकावर एक ठेवून कागदावर आखला की सहा टोकांचा, सुमारे साडेचार इंचांचा तारा मिळतो. त्याला दाविदाचा तारा म्हणतात. खळ दिलेल्या कापडाचे असे दोन तारे कापा. दोन्ही एकावर एक ठेवून कडेने बारीक धावदोरा घाला. एका बाजूला दोन बोटे जागा उघडी ठेवा, तिच्यातून उरलेली कात्रणे पेन्सिलीने टोकांपर्यंत भरा आणि मग शिवून बंद करा. वरच्या टोकाला दोऱ्याचा फासा. लहान मुलांना सुई देण्याऐवजी कात्रणे भरण्याचे काम द्या, ती ते आनंदाने करतात.

२) तोरण. टी-शर्टच्या एक इंच रुंद आणि सहा इंच लांब पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना धरून ओढली की कडा आत वळतात. पट्टी दुमडून सुतळीखाली ठेवा आणि तिची दोन्ही टोके दुमडीतून ओढून घ्या. झाली गाठ. एक फूट तोरणाला साधारण वीस-पंचवीस पट्ट्या लागतात. यात शिवण मुळीच नाही. आजोबा, नातवंडे, कोणीही करावे.

३) मेंढरू. पांढरी बनियन गुंडाळून लिंबाएवढा गोळा करा आणि दोऱ्याने बांधा. त्याच्यावर बनियनच्याच अर्धा इंची पट्ट्या गुंडाळत जा, अधूनमधून टाका घाला. काळ्या मोज्याचा तुकडा तोंडाला, दोन कान. पायांना झाडूच्या काड्या चालतात. आमच्या गोठ्यातले पहिले मेंढरू माझ्या विरलेल्या पांढऱ्या झग्याचे होते. मुले त्याला "फादरचं मेंढरू" म्हणत. धर्मगुरूला याहून चांगली आठवण कोण देणार?

४) बाळ. हे सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटी करायचे. सहा इंचांच्या मऊ सुती तुकड्याची घट्ट वळकटी करा. एका टोकाला कापसाचा छोटा गोळा पांढऱ्या कापडात बांधून डोके करा. दुसऱ्या मऊ तुकड्याने, जसे खरे बाळ दुपट्यात घेतात तसे, गुंडाळा. नाक-डोळे काढू नका. ज्याला त्याला त्यात प्रभूचे मुख पाहू द्या. २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवा. मिस्सावरून घरी आल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाने बाळ तिच्यात निजवावे. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी जो गोठा उभा केला त्यात गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव होते. पाहणाऱ्याच्या अंतःकरणात बाळ जन्मावे हाच त्याचा हेतू होता.

नाताळ संपला की सर्व वस्तू उन्हात वाळवा आणि कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह पत्र्याच्या डब्यात बंद करा. खळीच्या वासाने झुरळे आणि उंदीर येतात!

इशायचे झाड

ज्यांना संपूर्ण आगमनकाळ याचा अभ्यास करायचा आहे त्यांनी इशायचे झाड करावे. यशयाच्या ११ व्या अध्यायात इशायच्या बुंध्यातून धुमारा फुटेल असे भाकीत आहे. इशाय हा दावीद राजाचा पिता. ख्रिस्ताच्या वंशावळीचे हे झाड चित्रकारांनी शतकानुशतके रंगवले. फ्रान्समधील चार्त्र येथील कॅथेड्रलच्या बाराव्या शतकातील रंगीत काचेच्या खिडकीत ते आजही दिसते.

वाळकी फांदी वाळूने भरलेल्या कुंडीत रोवा. आठवड्यातून दोन-तीनदा रात्रीच्या प्रार्थनेनंतर बायबलमधील एक गोष्ट वाचा आणि तिची कापडी खूण टांगा. नोहासाठी सात रंगांच्या पट्ट्यांचे इंद्रधनुष्य. अब्राहामासाठी तारे. याकोबाचा मुलगा योसेफ याच्यासाठी ठिगळाठिगळांचा छोटा झगा. रूथसाठी पिवळ्या कापडाची गव्हाची ओंबी. दाविदासाठी जरीकाठाचा मुकुट. राहाबेसाठी खिडकीला बांधलेला किरमिजी दोर (यहोशवा २:१८). त्याला आपल्या आज्यांच्या लाल लुगड्याची पिळलेली पट्टी शोभून दिसते. शेवटी मरियेसाठी निळे कापड आणि संत योसेफासाठी छोटी करवत.

राहाब कोण होती हे मुलांना वयाप्रमाणे सांगा, पण वगळू नका. यरीहोची ती वेश्या आणि मवाबातून आलेली परकी विधवा रूथ, दोघी संत मत्तयच्या पहिल्या अध्यायात प्रभूच्या पूर्वजांत आहेत. देवाने आपल्या पुत्राचे कूळ निवडक नव्या कापडातून विणले नाही. विटलेले, उसवलेले, लोकांनी बाजूला टाकलेले धागे त्याने त्यात घेतले. आपल्या कुळातही काही नावे आपण उच्चारत नाही. या झाडासमोर बसून त्यांच्यासाठी एकदा प्रार्थना करावी.

न उघडलेले कपाट

आता थोडे कठीण बोलतो. काही घरांत एक कपाट वर्षानुवर्षे बंद असते. गेलेल्या पतीचे शर्ट, आईच्या साड्या, कधी लेकराचा शाळेचा गणवेश. देववत नाहीत, टाकवत नाहीत, पाहवतही नाहीत.

माझी आई गेली तेव्हा मीही हे अनुभवले. मरणाविषयी मी कितीतरी प्रवचने दिली होती. पण तिच्या साड्यांची पेटी उघडायला मला दोन नाताळ लागले. शेवटी मी आणि माझी बहीण बसलो. चांगल्या साड्या तिने स्वतः धुऊन, इस्त्री करून दिल्या. त्यातली एक मी त्या पाड्यावरच्या आजींना नेऊन दिली. त्यांनी ती हातात धरून विचारले, "कोणाची?" मी म्हणालो, "आईची." त्यांनी ती लगेच खांद्यावर घेतली. आम्ही दोघेही पुढे काही बोललो नाही.

एक साडी मात्र देण्यासारखी नव्हती. रोजची, धुऊन धुऊन विरलेली. तिचे बाळंते झाले. दर नाताळच्या रात्री मी माझ्या खोलीतल्या छोट्या गोठ्यातील बाळाला त्यात गुंडाळतो. आईने मला जसे गुंडाळले असेल, तसे.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथाची गोष्ट आहे. ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राकडे आल्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. शोक करणाऱ्यांनी कपडे हातात धरून उभे राहणे पवित्र शास्त्राला परके नाही. पेत्राने त्यांना दटावले नाही.

म्हणून कोणावर घाई करू नका. "आता पुरे झाले, देऊन टाका" असे शेजाऱ्याने म्हणू नये. ज्यांची तयारी असेल त्यांनी यंदा त्या कपाटातला एकच कपडा बाहेर काढावा आणि त्याचा एकच तारा करावा. ज्यांची तयारी नसेल त्यांनी कपाट बंदच ठेवावे आणि दारासमोर एक प्रार्थना म्हणावी. प्रभू बंद दारांतूनही येतो.

एक सूचना

चर्चमधली जुनी वेदीवस्त्रे किंवा धर्मगुरूंची उपासनेची वस्त्रे कोणाच्या घरी असतील तर त्यांची सजावट करू नये. आशीर्वादित वस्तू आदराने हाताळाव्या, ऐहिक कामाला लावू नयेत असा चर्चचा नियम आहे (कॅनन ११७१). त्या माझ्याकडे आणून द्या, त्यांची योग्य व्यवस्था केली जाईल.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१) मेंढपाळांना बाळंते आणि गव्हाणी हीच खूण का मिळाली असावी? आज देव आपल्याला कोणत्या साध्या वस्तूंतून भेटतो?
२) गेल्या वर्षी आपण कोणाला काय दिले? ते आपण आपल्या आईला दिले असते का?
३) आपल्या समूहात असे बंद कपाट असलेले घर आहे का? या नाताळात त्या घरी कोण जाईल? रिकाम्या हाताने, सल्ला न देता, नुसते बसायला.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्यासारखाच कापडात गुंडाळला गेलास. आमच्या घरातले जे विरले आहे, आमच्या मनातले जे उसवले आहे, ते आम्ही तुझ्यापुढे उलगडून ठेवतो. आम्हाला देण्याची लाज आणि मान दोन्ही शिकव. आमच्या गेलेल्या माणसांना तुझ्या प्रकाशाचे वस्त्र दे. आणि या नाताळात आमची गव्हाणी रिकामी ठेवू नकोस. आमेन.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात सतरंज्या अंथरलेल्या असतील. कात्री, सुई आणि तिसऱ्या ढिगातला एक कपडा घेऊन या. पहिल्या ढिगातले कपडे वेगळ्या पिशवीत, धुऊन, इस्त्री करून आणा. या वेळी प्रत्येक पिशवी मी स्वतः उघडून पाहणार आहे.

तुमचा,
धर्मगुरू